गाडी चालू होत नाही तेव्हा: आधी कान, मग पाना

कोल्हापुरातला जुलैचा पाऊस, गाडी चार दिवस दारात उभी, पाचव्या दिवशी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. मग बहुतेकजण एकच करतात: पुन्हा किल्ली, पुन्हा किल्ली. दहाव्या वेळेला तो ‘टक्’सुद्धा येत नाही आणि गल्लीतली पोरं धक्का मारायला गोळा होतात. पहिल्या दोन वेळेलाच गाडीनं सगळं सांगितलेलं असतं. आवाज कसा आला आणि डॅशबोर्डवर काय दिसलं, एवढ्यावरून बिघाड कुठल्या बाजूला आहे हे नवख्यालाही ओळखता येतं. बॉनेट आजवर फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

त्याआधी एक इशारा. गाडी पुराच्या किंवा साठलेल्या पाण्यात उभी होती, किंवा पाण्यातून जाताना बंद पडली, तर किल्लीला हात लावू नका. थेट शेवटचा भाग वाचा.

सेल मारण्याआधी

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा. गाडी रस्त्यावर असेल तर चारी इंडिकेटर चालू करा आणि मागून येणाऱ्याला लांबूनच दिसेल असा लाल त्रिकोण ठेवा. करूळ किंवा आंबा घाटात धुकं असेल तर माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, डोंगराच्या कडेला सुरक्षित जागी उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून मदत मागता येते.

सेल एका वेळी जास्तीत जास्त १० सेकंद मारायचा, मग निदान अर्धा मिनिट थांबायचं. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा (सेल मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) बॅटरीतून शे-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. घरातला गिझर जेमतेम १० अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज करा. एवढा करंट सलग सोसायला स्टार्टरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, बनवलेली नसते.

आता काही किरकोळ गोष्टी, ज्यांनी भल्याभल्यांना टोइंगचा खर्च लावला आहे. क्लच पूर्ण दाबला आहे का? बऱ्याच गाड्या क्लच तळाला लागल्याशिवाय सेल घेत नाहीत, आणि पायाखाली सरकलेलं मॅट तेवढ्याला पुरतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर हवा. बटणाच्या गाडीत ब्रेक दाबावा लागतो. ब्रेकचा स्विच गेला असेल तर गाडी ब्रेक दाबलाच नाही असं समजते, म्हणून मागचे ब्रेक लाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. किल्लीच फिरत नसेल तर स्टिअरिंग लॉक झालंय. ते डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा. रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून तेच बटण दाबा, बऱ्याच गाड्या चालू होतात. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून बघा.

काय ऐकू आलं?

काहीच नाही, किंवा एक ‘टक्’, किंवा भराभर ‘टकटकटक’, किंवा इंजिन जीव गेल्यासारखं ‘घर्र… घर्र…’ फिरतंय. हे सगळं एकाच कुळातलं. स्टार्टरला पुरेशी वीज मिळत नाही, किंवा स्टार्टरच बिघडलाय.

‘घुंईंईं’ असा मोकळा फिरण्याचा आवाज येतो, इंजिन मात्र हलत नाही. स्टार्टरची मोटर फिरते, पण तिचं दातेरी चाक फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मोठ्या चाकाला) अडकत नाही. गॅरेजच्या भाषेत बेंडेक्स गेला. हे दारात बसून होणारं काम नाही.

इंजिन नेहमीच्या वेगानं फिरतंय, गाडी सेल व्यवस्थित घेते, पण पेट घेत नाही. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष. आता शोध इंधनाचा, ठिणगीचा, हवेचा किंवा टायमिंगचा.

या तिन्हींत घोळ करू नका. सेल छान घेणाऱ्या गाडीला जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज देणारी केबल) लावून काही होत नाही, आणि ‘टकटक’ करणाऱ्या गाडीचे प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) काढून बघणं म्हणजे वेळ घालवणं.

सेल घेत नाही: बॅटरी आणि तिचे टर्मिनल

हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं करून सेल मारा. लाइट एकदम विझले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट मंद होत गेले आणि इंजिन ओढत ओढत फिरलं तर बॅटरी अशक्त आहे. लाइट तसेच लखलखीत राहिले आणि फक्त ‘टक्’ झालं तर संशय स्टार्टरवर घ्या.

पहिल्या दोन गोष्टींत नवी बॅटरी आणायला पळण्याआधी बॉनेट उघडून टर्मिनल नीट बघा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात शिशाच्या खुंटीभोवती पांढरट-हिरवट भुकटी साठते. ती वरून दिसते तरी. खरी खोडी खुंटी आणि तिला आवळणारा वायरीचा क्लॅम्प यांच्या मधल्या फटीत असते. तिथे काळसर थर बसतो आणि वरून सगळं स्वच्छ दिसत असूनही करंट अडतो. गाडीतले दिवे, हॉर्न, टेप यांना दोन-चार अँपिअर पुरतात, ते त्या थरातून पार होतात. स्टार्टरचे शंभर अँपिअर होत नाहीत. म्हणूनच ‘हॉर्न तर वाजतोय, मग बॅटरी चांगलीच असणार’ हा हिशेब चुकतो.

क्लॅम्प हातानं पिळून बघा. जरासुद्धा फिरला तर तो सैल आहे, आणि कित्येकदा एवढंच दुखणं असतं. साफ करायला बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवायची, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. कारण साधं आहे: काळी जोडलेली असताना लाल नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. पाना तापून लाल होतो आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो.

एका ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशनं टर्मिनल घासा. फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. कोरडं पुसून खुंटीची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं शिसं चकाकेपर्यंत घासा. क्लॅम्प खुंटीच्या बुडापर्यंत बसवा, हातोडी मारू नका, खुंटी आतून तुटते. नट घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. व्हॅसलिन आधी लावलं तर तेच मध्ये येतं. काळी वायर जिथे बॉडीला आणि इंजिनाला बोल्टनं जोडलेली असते ते टोकही बघा. तिथला गंज हमखास नजरेतून सुटतो.

आता मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांत साधा मिळतो आणि पहिल्याच वेळेला पैसे फेडतो. डायल डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर १२.६ किंवा जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली गेली तर ती रिकामीच धरा. पण उभ्या स्थितीतला आकडा अर्धी गोष्ट सांगतो. खरी परीक्षा सेल मारताना: त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं, तर आधी १२.६ दाखवणारी बॅटरीही आतून संपलेली आहे. आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. उन्हाळ्याची उष्णता तिला झिजवते आणि पावसाळ्यात ती उघडी पडते.

बॅटरी चांगली, टर्मिनल स्वच्छ, तरीही इंजिन ओढत फिरत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची वायर खराब आहे. ही वायर काही शे रुपयांची असते आणि तिच्यापायी हजारोंचे स्टार्टर बदलले जातात.

जंपर लावताना

मदत करणारी गाडी १२ व्होल्टचीच हवी. महामार्गावर ट्रकवाले मनापासून मदतीला थांबतात, पण जड ट्रक आणि एसटी बस यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती जोडली तर तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर क्षणात जळू शकतो. उसाचा ट्रॅक्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, तो चालतो, तरी बॅटरीवरचा आकडा वाचून घ्या. केबल जाड हवी. लहान पेट्रोल गाडीला तांब्याची निदान १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. बारीक केबलनं गाडी चालू होत नाही, केबल मात्र तापते.

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. मग असं:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या जाड, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि ती बॅटरीच्या वायूजवळ नको.
५. चांगली गाडी चालू करून तीन ते पाच मिनिटं थांबा, मग बंद गाडीला सेल मारा.

काढताना बरोबर उलट्या क्रमानं. चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

गाडी चालू झाल्यावर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करतोय. १२ च्या घरात राहून खाली उतरत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघावा लागेल, बॅटरी बदलून काही होणार नाही. इथे एक जुनी पद्धत ठामपणे टाळा: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चालतोय का’ बघणे. कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांत ते खपून जायचं. आजच्या गाडीत वायर सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जातं.

जागेवर दहा मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यानं चालवा, कागलपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र दुकानात देऊन रात्रभर सावकाश चार्ज करून घेतलेली बरी.

बॅटरी नवी असूनही दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर कुणीतरी चोरून वीज खातंय: डिकीचा न विझणारा दिवा, नंतर बसवलेला टेप, डॅशकॅम, ट्रॅकर. निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकात पिन घालून जोडा, दारं लावून अर्धा तास थांबा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला त्या लाइनवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल मारायचा नाही.

लाइट लखलखीत, पण नुसतं ‘टक्’

स्टार्टरचा सोलेनॉइड (विजेवर ओढला जाणारा चुंबकी स्विच) ओढतो पण मोटर फिरत नाही. बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजलेले असतात. स्टार्टर हाताला येत असेल तर लाकडी दांड्यानं त्याच्या अंगावर हलकेच टोले मारत दुसऱ्याला सेल मारायला सांगा. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर, जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. चालू झाली तर ती शेवटची संधी समजून सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. पूर्ण नवा स्टार्टर घ्यायलाच हवा असं नसतं. कार्बन, बुश, बेंडेक्स वेगळे मिळतात, आणि उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या आपल्या गावात बुश लेथवर करून घेणं मुळीच अवघड नाही. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळलेलं असेल तरच नव्याचा विचार करा.

सेल घेते, पण पेट घेत नाही

मागच्या सीटवर बसा, खिडक्या बंद करा आणि दुसऱ्याला किल्ली फक्त ‘ऑन’ करायला सांगा, सेल मारायचा नाही. पेट्रोल गाडीत सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ ऐकू यायला हवा. तो टाकीतला पेट्रोल पंप. आवाज नाही आला तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात पंपाचा फ्यूज शोधा, बहुधा १५ अँपिअरचा असतो. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. जास्तीचा घातला तर पुढे वायरिंग जळतं. फ्यूज ठीक असेल तर रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बदलून बघा: हॉर्नचा रिले अनेक गाड्यांत तोच असतो, अंगावरचा नंबर जुळला की अदलाबदल करता येते. तरीही पंप गप्प असेल तर टाकीच्या बुडाला रबरी चपलेनं चार फटके मारत किल्ली ऑन करा. अडकलेला पंप कधी कधी फिरतो. हा उपाय एकदाच पुरतो, पंप बदलावाच लागतो.

सीएनजी गाडीवाल्यांनी इथे थांबून वाचावं. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडं गरम झालं की गॅसवर जातात. पैसे वाचवायला लोक महिनोन् महिने टाकीत काटा तळाला ठेवून फिरवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. तळाला दोन लिटर उरलं की तो कोरडा तापतो आणि जळतो. शिवाय जुनं पेट्रोल शिळं होऊन नीट पेटत नाही. सिलिंडर भरलेला असूनही सकाळी गाडी चालू होत नाही त्याचं हे नेहमीचं कारण. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढावर गाडी लावली आणि काटा रिझर्व्हच्या जवळ असेल, तर पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं आणि पंपाला मिळत नाही. चार-पाच लिटर ओता, किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून पंपाला लाइन भरू द्या, मग सेल मारा. इंधनाची नळी मात्र सोडवू नका, तीत दाब असतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल उडालं तर आग लागते.

पेट्रोलचा उग्र वास येतोय? मग इंजिन ओलं झालंय. हे बहुधा घरच्याच कारणानं होतं: दुसरी गाडी काढायला ही फक्त गेटबाहेर घेतली आणि दहा सेकंदांत बंद केली. थंड इंजिनाला दिलेलं जास्तीचं पेट्रोल न जळता प्लगवर बसतं आणि दुसऱ्या दिवशी ठिणगी पडत नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच पाच-आठ सेकंद सेल मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबलं असताना सेल मारला की इंजेक्टर बंद राहतात, नुसती हवा फिरून प्लग वाळतात. पेट घेतला की पाय लगेच उचला.

एवढ्यानं झालं नाही तर प्लग काढून बघण्याइतकं दुसरं काहीच उपयोगी नाही. इंजिन गार झालेलं हवं. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचा क्लिप दाबून काढा (ओढू नका, प्लॅस्टिक ठिसूळ असतं), प्लगच्या खड्ड्यात फुंकून कचरा उडवा, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडतो. बहुतेक लहान गाड्यांना १६ चा प्लग पाना लागतो. आता प्लग उजेडात धरा. टोक पेट्रोलनं ओलं असेल तर इंधन येतंय, ठिणगी नाही. पार कोरडं असेल तर इंधनच येत नाही. बिस्किटी तपकिरी रंग चांगल्या प्लगचा, काजळीनं काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. फट साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. बसवताना आधी हातानं फिरवत न्या. हातानं फिरत नसेल तर आटे वाकडे लागलेत, जोर लावला तर हेडचे आटे जातील. प्लग हातात धरून ठिणगी बघायचा जुना खेळ करू नका. वीस हजार व्होल्टच्या वर असते ती, आणि शेजारी पेट्रोलची वाफ.

सेल मारताना आरपीएमचा काटाही बघा. थोडासा उचलला तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) सिग्नल देतोय. मुळीच हलला नाही तर त्याच्यावर संशय घ्या, तरी काही गाड्यांत तो सेल मारताना तसाही हलत नाही. या सेन्सरची ओळखायची सोपी खूण: गाडी गरम झाली की मध्येच बंद पडते, अर्ध्या तासानं गार झाली की काही झालंच नाही अशी चालू होते. स्कॅनरवर (कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी-०३३५ हा कोड आला तर दिशा पक्की. पण कोड म्हणजे निकाल नव्हे, सेन्सरची वायर तुटली तरी तोच कोड येतो.

वायरीवरून उंदीर. उसाच्या फडाला लागून घर असेल किंवा गाडी आठवडाभर उभी असेल तर हा संशय पहिल्या पाचात ठेवा. इंजिनावर लेंड्या, फोमचे तुकडे, पाचटाचा चुरा दिसतो. इंजेक्टरची एखादी बारीक वायर निम्मी कुरतडलेली असते. एअर फिल्टरचं झाकणही उघडा, आत घरटं सापडतं. तुटलेली वायर पिळून टेप लावली तर पुढच्या पावसात पुन्हा बंद, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून घ्या.

डिझेल गाडीत किल्ली ऑन केल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल मारा. कोल्हापूरची थंडी एवढी कडक नसते, त्यामुळे रोज सकाळी पांढरा धूर काढत उशिरा चालू होत असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) तपासा. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला तर लाइनमध्ये हवा भरते. फिल्टरजवळचा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर खालचा नट सोडून पाणी काढा. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरला डिझेल नेणाऱ्या, जाड लोखंडी नळ्यांना हात नको. त्यात हजार बारच्या वर दाब जातो, ती बारीक धार कातडीत घुसते.

आणि सेल मारताना इंजिन नेहमीपेक्षा जलद, हलकं, शिलाई मशिनसारखं फिरत असेल तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला असावा. आणखी एकेका सेलनं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. टोइंगच करा.

धक्का

हा उपाय फक्त मॅन्युअल गाडीला आणि फक्त उतरलेल्या बॅटरीसाठी. किल्ली ऑन, दुसरा गिअर (पहिल्यात चाकं अडकून झटका बसतो), क्लच दाबलेला. गाडी पळत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडा आणि चालू होताच पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात, म्हणून घाटाच्या उतारावर हा प्रयोग नको. बॅटरी पार मेली असेल, दिवेसुद्धा लागत नसतील, तर इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटरच जागा होत नाही आणि धक्का वाया जातो. दोनदा जमलं नाही तर सोडून द्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि तो भाग महाग असतो.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी महामार्गावर शिरोलीजवळ आलं होतं आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागांत गाड्या जागेवर बुडाल्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सखल भागात राहत असाल तर ३९ ची वाट न बघता गाडी उंचावर न्या.

बुडालेल्या गाडीला सेल का मारायचा नाही, ते आकड्यांत बघा. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरला ३०० सीसी. पिस्टन वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साधारण ३० सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी असेल तर पिस्टन अडतो, मागून स्टार्टर ढकलत असतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात ती जागा आणखी कमी. चालत्या गाडीत पाणी ओढलं गेलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेरही येऊ शकतो.

पाणी ओसरल्यावर आधी गाडीचे फोटो काढा, आतबाहेर पाण्याची रेघ दिसेल असे. विमा कंपनीला कळवा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी गेल्यावर सेल मारून फुटलेलं इंजिन बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच लागतं. मग बॅटरीची काळी वायर सोडा. धक्का नको, गिअरमध्ये ओढणंही नको. चाकं फिरली की गिअरमधून इंजिन फिरतं. सपाट ट्रकवर चढवून न्या.

गॅरेजमध्ये काय होतंय ते स्वतः उभं राहून बघा. एअर फिल्टरचा डबा उघडल्यावर आत ओल किंवा गाळ असेल तर पाणी पुढे गेल्याचं धरून चाला. ऑइलची पट्टी काढा: ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा पातळी वर चढलेली असली तर इंजिनात पाणी आहे. ते ऑइल काढल्याशिवाय पुढचं काहीच नाही. मग सगळे प्लग (डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) काढून इंजिन आधी क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून हातानं दोन फेरे फिरवायचं. मोकळं फिरलं तरच इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून थोडा सेल मारायचा. प्लगच्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं उडतं, तोंड लांब ठेवा. भोकांतून नुसती हवा यायला लागली की सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडायचं, प्लग बसवायचे, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर आणि ऑइल नवं घालायचं. गिअरबॉक्सचं ऑइलही उघडून बघा, तिथल्या ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) पाणी शिरतं. कनेक्टर एकेक सोडून वाळवायचे, गाळ असेल तर आधी धुवायचा.

पहिल्यांदा चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं जागेवरच चालवा, बंद करा आणि ऑइल पुन्हा बघा. कडेकोपऱ्यात उरलेलं पाणी या वेळी मिसळून येतं आणि रंग पुन्हा चहासारखा होतो. तसं दिसलं तर तेच ऑइल आणि फिल्टर परत बदला. पट्टीवर स्वच्छ सोनेरी रंग येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.